महापालिकेने सांगलीकरांसाठी घाऊक वीज घेतली तर? कायद्यात बसतं का, आणि बिल कमी होईल का?

गावभाग_०२३३ :

आमच्या प्रभागातून महासभेपुढे एक निवेदन द्यायचं चाललं आहे. मागणी अशी की सांगली-मिरज-कुपवड महापालिकेने घरगुती ग्राहकांसाठी एकत्रित वीज खरेदी करावी. तारा, खांब, डीपी, मीटर, बिल हे सगळं महावितरणकडेच राहील. फक्त युनिट कुणाकडून आणि काय दराने घ्यायचे ते शहर ठरवेल.

अमेरिकेत ही पद्धत आहे. मॅसॅच्युसेट्समध्ये १९९७ च्या कायद्याने सुरुवात झाली, कॅलिफोर्नियात २००२ मध्ये कायदा झाला आणि तिथल्या मरीन काउंटीत २०१० पासून प्रत्यक्ष पुरवठा सुरू झाला. शहराने योजना घेतली की सगळे रहिवासी आपोआप त्यात येतात, नको असेल त्याने कळवून बाहेर पडायचं.

जाणकारांना विचारायचं आहे:
१. आपल्याकडे कायद्याने हे जमतं का?
२. जमत असेल तर दोन-तीन खोल्यांच्या घराचं बिल खरंच उतरेल का?
३. कोयना वरच्या अंगाला आणि पवनचक्क्या चाळकेवाडीच्या पठारावर. ती वीज थेट घेता येईल का?
४. जमत नसेल, तर निवेदनात मागायचं काय?

निवेदन वजनदार व्हायला हवं. नुसती घोषणा नको आहे.

---

वाहिनी_३३केव्ही :

ताई, निवेदन जाण्याआधी विचारलंत ते बरं झालं. मागणी आत्ता आहे तशी गेली तर पहिल्याच टेबलावर परत येईल.

विद्युत अधिनियम २००३ च्या कलम १२ प्रमाणे वीज वितरण असो की व्यापार, परवान्याशिवाय, किंवा कलम १३ खाली वीज नियामक आयोगाने (दर आणि परवाने ठरवणारी संस्था) दिलेल्या सुटीशिवाय, करता येत नाही. महापालिकेने वीज विकत घेऊन रहिवाशांना विकली, भले पैशाचा नफा न घेता विकली, तरी परवाना किंवा ती सूट लागते. दुसरा रस्ता ओपन ॲक्सेसचा, म्हणजे महावितरणच्या तारा भाड्याने वापरून दुसऱ्याची वीज घ्यायची. त्याची मर्यादा मूळ कायद्यात १ मेगावॉटच्या वरची होती. हरित ऊर्जा ओपन ॲक्सेस नियम २०२२ आले आणि अपारंपरिक विजेसाठी ती १०० किलोवॅटवर उतरली. पण घराचा मंजूर भार (एका वेळी ओढायला मंजूर असलेली वीज) किती असतो? १, २, फार तर ३ किलोवॅट. म्हणजे घर त्या दारातून आत जाऊच शकत नाही.

आता दुसरा प्रश्न, आणि माझ्या मते खरा अडसर तिथे आहे. परवाना मिळाला असं धरून चालू. तरीही छोट्या घराचं बिल उतरणार नाही.

आपल्याकडे घरगुती दर टप्प्यांत असतो: ० ते १००, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि ५०० च्या पुढे. पहिल्या टप्प्याचा दर सरासरी पुरवठा खर्चापेक्षा कमी ठेवलेला असतो. उरलेला भार उद्योग, दुकानं आणि जास्त वापराची घरं उचलतात. यालाच क्रॉस सबसिडी म्हणतात. अमेरिकेतल्या शहरांनी ग्राहक बाहेर काढले तेव्हा जुन्या कंपनीने करून ठेवलेल्या महागड्या खरेदी करारांचा वाटा भरायला निर्गमन शुल्क लावलं गेलं. तिथे घरगुती ग्राहक आपला खर्च बऱ्यापैकी भागवत होता. इथे महिना ८० युनिटवाला ग्राहक स्वतःच सवलतीवर आहे. त्याला महावितरणच्या दरपत्रकातून बाहेर काढलं तर ती सवलत मागे राहते, कारण ती देणारा कुपवड एमआयडीसीतला कारखानदार महावितरणकडेच राहतो. मग महापालिकेने बाजारात कितीही घासाघीस करून वीज आणली, तरी पहिल्या टप्प्याच्या खाली दर जाणार नाही.

कुणी म्हणेल, ३०० च्या वरच्या घरांनाच घ्या. त्यांना फायदा होईल, खरं आहे. पण मग वरचा पैसा देणारे ग्राहक निघून जातात आणि खालच्यांची सवलत कापावी लागते. शहराने आपल्याच छोट्या बिलांच्या संजयनगरच्या खिशातून काढून मोठ्या बिलांच्या विश्रामबागला द्यावं, हे मला पटत नाही आणि आयोगालाही पटणार नाही.

तुमच्या बिलावर स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार (तारांच्या वापराचा), इंधन समायोजन आकार (इंधन-खरेदीचा खर्च बदलला की लागणारा) आणि वर १६ टक्के वीज शुल्क अशा ओळी असतात. घाऊक खरेदीने बदलते ती फक्त वीज आकाराची ओळ (आणि तिच्यासोबत इंधन समायोजन, आणि टक्क्याने लागणारं शुल्क त्या प्रमाणात). वहन आकार, स्थिर आकार जागेवर राहतात. निवेदनात "बिल निम्मं होईल" असं काही लिहू नका.

---

गावभाग_०२३३ :

दादा, क्रॉस सबसिडीचा हा कोन डोक्यात नव्हता. दोन शंका आहेत.

एक, २ किलोवॅटची ५० घरं एकत्र केली की १०० किलोवॅट होतात. तशी मोट बांधता येत नाही का?

दोन, मुंबईत बेस्ट महापालिकेचीच आहे. मग सांगलीने वितरण परवानाच का मागू नये?

---

वाहिनी_३३केव्ही :

५० घरांची मोट चालत नाही. नियमात एकाच ग्राहकाची अनेक कनेक्शनं महावितरणच्या एकाच वीज विभागात (डिव्हिजनमध्ये) असतील तर त्यांची बेरीज धरतात. ५० मीटर म्हणजे ५० ग्राहक. पण हाच नियम महापालिकेच्या स्वतःच्या कनेक्शनना लागू पडतो, हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

परवान्याबद्दल. बेस्टची गोष्ट वेगळी आहे. १९४७ मध्ये मुंबई महापालिकेने चालू कंपनीच विकत घेतली, तारांसकट. केरळात त्रिशूर महापालिकेचा स्वतःचा वीज विभाग आहे, तोही जुना परवानाधारक. राज्याच्या वीज मंडळाकडून घाऊक घेऊन शहरात वाटतो. दोघांकडे जाळं पहिल्यापासून होतं.

नव्याने परवाना मागायचा तर कलम १४ आहे. एकाच क्षेत्रात दुसरा परवाना देता येतो आणि महापालिका क्षेत्र हे त्यासाठी पुरेसं क्षेत्र धरलं जातं. इथपर्यंत छान वाटतं. मात्र त्या कलमात स्वतःच्या वितरण यंत्रणेतून पुरवठा करायची अट आहे. म्हणजे सबस्टेशन, ११ केव्ही फीडर, डीपी, लघुदाब तारा, सगळं दुसऱ्यांदा. भांडवली गुंतवणुकीच्या ३० टक्के स्वतःचं भांडवल दाखवावं लागतं. शिवाय कलम ४३ प्रमाणे मागेल त्याला जोडणी देणं बंधनकारक होतं, थकबाकीची वसुली तुमची, गळती तुमची.

महाराष्ट्रात याचा धडा घ्यायचा तर मुळा-प्रवरा सहकारी वीज संस्थेचा घ्यावा. मंडळाकडून घाऊक वीज घेऊन अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या काही तालुक्यांत वाटायची. घेतलेल्या विजेचे पैसे थकत गेले आणि २०११ मध्ये तिचं क्षेत्र महावितरणकडे गेलं. घाऊक खरेदीचं बिल दर महिन्याला ठरलेल्या तारखेला भरावं लागतं, वसुली मात्र मागाहून, तुकड्यातुकड्याने येते. मधली दरी भरायला दोन-तीन महिन्यांच्या खरेदीइतका पैसा कायम हाताशी लागतो. पाणीपट्टीची वसुली बघून हा हिशेब करा.

फ्रँचायझी हा तिसरा प्रकार. महावितरणच्या वतीने शहरातलं वितरण आणि वसुली खासगी कंपनी चालवते, जशी भिवंडीत जानेवारी २००७ पासून टोरंट. तिथे परवाना लागत नाही, पण ग्राहकाचा दर आयोगाने महावितरणसाठी ठरवलेलाच राहतो. म्हणजे तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्यात नाही.

---

पाटणकर_वीज :

कोयनेबद्दल थोडक्यात. कोयनेची एकूण क्षमता १,९६० मेगावॉट, मालकी राज्याची, चालवते महानिर्मिती (राज्याची वीजनिर्मिती कंपनी). ती वीज पारेषणाच्या (लांब पल्ल्याच्या उच्चदाब वाहिन्यांच्या) सामाईक जाळ्यात पडते आणि संध्याकाळच्या शिखर मागणीला वापरतात, कारण पाणी सोडलं की काही मिनिटांत यंत्र भार घेतं. पश्चिमेकडे वळवायच्या पाण्यावरही कृष्णा पाणी तंटा लवादाची वर्षाला ६७.५ टीएमसीची (अब्ज घनफुटांची) मर्यादा आहे. धरण जवळ आहे म्हणून वीज जवळ होत नाही. चाळकेवाडी आणि वनकुसवड्याच्या पवनचक्क्या खासगी मालकीच्या असल्या तरी त्यांचा वारा मुख्यतः पावसाळ्यातला. वर्षभराचा पुरवठा त्यावर बांधता येत नाही.

---

पंपहाऊस_जॅकवेल :

नागरिकांसाठी वीज घ्यायची बंदी असली तरी महापालिका स्वतः केवढी मोठी ग्राहक आहे ते बघा. कृष्णेवरचं जॅकवेल (नदीचं पाणी उपसायची विहीर), शुद्धीकरण केंद्र, उंच टाक्यांचे पंप, सांडपाणी केंद्रं, पथदिवे. हे बिल घरपट्टी-पाणीपट्टीतूनच जातं. म्हणजे नागरिकांच्या वतीने वीज खरेदी आजही होतेच, फक्त डोळे मिटून होते. निवेदनाचा रोख इकडे वळवा.

वाहिनीदादांनी सांगितलेला १०० किलोवॅटचा नियम इथे बसतो. मोठ्या पंपिंग केंद्राचं उच्चदाब कनेक्शन एकट्यानेच मर्यादा ओलांडतं. छोटी कनेक्शनं जोडायची असतील तर ती एकाच वीज विभागात आहेत का ते प्रत्येक बिलावर तपासा. सांगली आणि मिरजेची कनेक्शनं एकाच विभागात आहेत असं गृहीत धरू नका.

पण नवीन वीज घेण्याआधी चालू बिलातली गळती बंद करा. यात निविदा, सल्लागार काही लागत नाही.

एप्रिल २०२० पासून उच्चदाब ग्राहकांचं बिल केडब्ल्यूएचवर (प्रत्यक्ष कामी आलेली वीज) होत नाही, केव्हीएएचवर (तारांतून ओढलेली एकूण वीज) होतं. पॉवर फॅक्टर, म्हणजे या दोहोंचं गुणोत्तर, खराब असेल तर न वापरलेल्या युनिटचे पैसे जातात. समजा केंद्राचा वापर महिना २,००,००० केडब्ल्यूएच आहे. पॉवर फॅक्टर ०.८५ असेल तर बिल होतं २,३५,००० केव्हीएएचचं. ०.९८ वर नेला तर २,०४,००० चं. महिन्याला ३१,००० युनिट वाचले, पाण्याचा एक थेंब कमी न करता. ३०० किलोवॅट भारासाठी हा फरक भरून काढायला साधारण १२५ केव्हीएआर (कपॅसिटरच्या क्षमतेचं एकक) कपॅसिटर लागतात. ते एपीएफसी पॅनलमध्येच बसवा, टप्प्याटप्प्याने आपोआप चालू-बंद होणारे. कायम जोडलेले ठेवले तर रात्री पंप बंद असताना पॉवर फॅक्टर लीडिंगला (उलट बाजूला) जातो आणि लीडिंगही बिलात मोजला जातो. पंपांना व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारं उपकरण) असेल तर ७ टक्क्यांचा डिट्यून्ड रिॲक्टर (कपॅसिटरला वाचवणारी कॉइल) सोबत हवाच, नाहीतर हार्मोनिक्समुळे (विजेच्या लहरीतल्या बिघाडामुळे) कपॅसिटर फुगून फुटतात. "कपॅसिटर बसवले होते, टिकले नाहीत" हे बहुतेक वेळा याच कारणाने.

मग पंपांची कार्यक्षमता. सूत्र सोपं आहे: हजार लिटरला लागणारे युनिट = हेड (पाणी चढवायची उंची, मीटरमध्ये) ÷ ३६७ ÷ कार्यक्षमता. ५० मीटर हेड आणि पंप-मोटर मिळून ६० टक्के कार्यक्षमता असेल तर ०.२३ युनिट, ७५ टक्के असेल तर ०.१८ युनिट. माहिती अधिकारात वर्षभराचे उपसलेले लिटर आणि वापरलेले युनिट मागवा आणि भागाकार करा. आकडा सूत्रापेक्षा फार वर आला तर इम्पेलर (पंपातलं फिरतं चाक) झिजलाय, नाहीतर व्हॉल्व्ह अर्धवट उघडा ठेवून पंप दाबला जातोय.

एवढं झाल्यावर खरेदी. ओपन ॲक्सेसचा हिशेब कसा मांडतात ते दाखवतो. आकडे केवळ पद्धत कळावी म्हणून धरलेले आहेत, खरे आकडे आयोगाच्या चालू दर आदेशातून घ्या.

प्रकल्पावर सौर वीज ३.५० रुपये. वाटेत ९ टक्के तूट धरली तर १ युनिट पोचायला १.१० युनिट घालावे लागतात, म्हणजे ३.८५. पारेषण आकार ०.७०, वहन आकार ०.६०. झाले ५.१५. त्यावर क्रॉस सबसिडी अधिभार (बाहेर पडणाऱ्याने सवलतीच्या भारापोटी भरायचा) १.६० आणि अतिरिक्त अधिभार (महावितरणच्या अडकलेल्या खरेदी करारांपोटी) १.२० लागला की ७.९५. फायद्याचा बराच भाग या शेवटच्या दोन ओळी खातात.

त्या दोन ओळी टाळायचा कायदेशीर मार्ग म्हणजे कॅप्टिव्ह, वापरणाऱ्यांच्याच भागीदारीतला प्रकल्प. वीज नियम २००५ च्या नियम ३ प्रमाणे प्रकल्पात वापरकर्त्यांचं भागभांडवल किमान २६ टक्के हवं आणि वर्षाच्या विजेपैकी किमान ५१ टक्के त्यांनी स्वतः वापरायला हवी. क्रॉस सबसिडी अधिभार कॅप्टिव्हला कायद्यानेच माफ आहे, आणि अतिरिक्त अधिभारही लागत नाही असा सर्वोच्च न्यायालयाचा डिसेंबर २०२१ चा निकाल आहे. धोका एवढाच, एखाद्या वर्षी ५१ टक्के भरले नाहीत तर त्या वर्षाची सगळी वीज साध्या विक्रीची धरतात आणि अधिभार मागाहून वसूल होतो. म्हणून प्रकल्प वापरापेक्षा लहान ठेवा. १ मेगावॉट सौरला ४ ते ५ एकर जागा लागते आणि आपल्या भागात वर्षाला १५ लाख युनिटच्या आसपास मिळतात. महापालिकेच्या पंपिंगच्या वार्षिक युनिटला त्याने भागा, दिवसाच्या वापराच्या वर जाऊ नका.

दिवसाचा वापर म्हणालो कारण सौर वीज उन्हातच येते. पथदिव्यांसाठी ती घेऊन उपयोग नाही. जास्तीची वीज महिन्याच्या आत वापरायला मिळते, पण बँकिंगची (जास्तीची वीज जमा ठेवायची) नियमातली किमान हमी महिन्याच्या वापराच्या ३० टक्क्यांची आहे. पंप मात्र दुपारी चालवता येतात, जर उंच टाक्यांची साठवण तेवढी असेल. पहाटे पाणी सोडायचं तर आदल्या दुपारी टाकी भरून ठेवता आली पाहिजे. ती क्षमता नसेल तर आधी टाकी, मग सौर. आणि १५ मिनिटांच्या नोंदीचा मीटर लागतो (दिवसाचे ९६ टप्पे), तो दोन्ही टोकांना हवा.

---

छतावरून_मिरज :

पंपहाऊस यांनी महापालिकेच्या बिलाचं सांगितलं. घरगुती ग्राहकासाठी घाऊक खरेदी करायचीच असेल तर युनिटची करू नका, पॅनलची करा. याला कुठलाही परवाना लागत नाही.

पीएम सूर्यघर योजनेत (फेब्रुवारी २०२४ पासून) पहिल्या २ किलोवॅटना प्रत्येकी ३०,००० आणि तिसऱ्याला १८,००० रुपये अनुदान आहे, कमाल ७८,०००. १ किलोवॅटला साधारण १०० चौरस फूट बिनसावलीची जागा, महिन्याला सुमारे १२० युनिट. १० किलोवॅटपर्यंत तांत्रिक व्यवहार्यतेचा वेगळा अभ्यास लागत नाही, अर्ज मान्य धरला जातो.

महापालिकेने पैशाला हात लावायचा नाही. काम एवढंच: इच्छुकांची यादी करायची, छपरं मोजायची, २ आणि ३ किलोवॅटचे दोनच संच ठरवून जाहीर दर मागवायचे. करार घरमालक आणि ठेकेदारात. ५०० छपरं एका भागात मिळाली की ठेकेदाराचा ग्राहक शोधण्याचा आणि ये-जा करण्याचा खर्च वाचतो, दर तिथून उतरतो.

कुणी घ्यावं? महिना ८०-९० युनिटवाल्याने घाई करू नये. त्याची वाचत असलेली युनिटं स्वस्त टप्प्यातली असतात आणि स्थिर आकार तर तरीही भरावाच लागतो. २५० युनिटवाल्याला २ किलोवॅट पुरे. ३ बसवून उरलेली वीज विकू म्हणणाऱ्याला सांगा, ३१ मार्चला शिल्लक युनिटांचा जो दर मिळतो तो फार कमी असतो.

अर्ज कुठे अडकतात: बिल आजोबांच्या नावावर आणि बँक खातं नातवाचं (आधी नावबदल करून घ्या, याला वेळ जातो), जुनी थकबाकी. गुंठेवारी भागात जागेचे कागद अपुरे असतात आणि तिथे बँक कर्जाला अडवते. शामरावनगरसारख्या भागासाठी महापालिकेने दाखल्यांचं शिबिर प्रभागातच घ्यावं, ही मागणी निवेदनात जरूर घाला.

निविदेत या अटी नसतील तर सगळ्यात स्वस्त ठेकेदार सगळ्यात महाग पडतो: पॅनल देशी सेलचेच (डीसीआर), नसेल तर अनुदान बसत नाही. स्ट्रक्चर गरम गॅल्व्हनाइज्ड, ८० मायक्रॉन. अर्थिंगचे तीन वेगळे खड्डे: डीसी, एसी आणि वीजरोधक. डीसी केबल ४ चौरस मिमी तांब्याची, सौरसाठीची. डीसीडीबी आणि एसीडीबी (डीसी आणि एसी बाजूच्या जोडणी पेट्या) दोन्हींत एसपीडी (अचानक वाढलेल्या दाबापासून वाचवणारं उपकरण). ५ वर्षं देखभाल, आणि अनामत रक्कम तोवर अडकवून.

---

गावभाग_०२३३ :

खूप मोलाचं मिळालं. दोन गोष्टी राहिल्या. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांचं काय? आणि आमचा भाग पुराचा आहे. २०१९ ला आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर होतं. त्या दिवसांत छतावरची वीज मिळेल का?

---

छतावरून_मिरज :

फ्लॅटसाठी: सोसायटीच्या सामाईक मीटरला (लिफ्ट, पाण्याचा पंप, जिन्यातले दिवे) त्याच योजनेत किलोवॅटला १८,००० रुपये अनुदान आहे, ५०० किलोवॅटपर्यंत. त्यासाठी सर्वसाधारण सभेचा ठराव आणि गच्चीच्या हक्काचा कागद लागतो. एका प्रकल्पाची वीज अनेक फ्लॅटच्या बिलांत वाटून घ्यायची पद्धत, व्हर्च्युअल नेट मीटरिंग, दिल्लीत २०१९ पासून मार्गदर्शक सूचनांत आहे. अमेरिकेतल्या त्या कल्पनेच्या सगळ्यात जवळ जाणारी आणि आपल्या कायद्यात बसणारी गोष्ट हीच. शाळांची, मंडईची, नाट्यगृहाची छपरं महापालिकेने द्यायची आणि वीज भाडेकरूंच्या, झोपडपट्टीच्या बिलात वळती करायची. निवेदनात याचा पाठपुरावा महापालिकेने वीज नियामक आयोगाकडे करावा, असा स्वतंत्र ठराव मागा.

पुराबद्दल स्पष्ट सांगतो. नाही मिळणार. साधा ऑन-ग्रिड (महावितरणच्या लाइनला जोडून चालणारा) इन्व्हर्टर लाइन गेली की स्वतः बंद होतो, नाहीतर दुरुस्तीसाठी खांबावर चढलेल्या वायरमनला मागून करंट बसेल. पुरात महावितरण फीडर बंद करतं तेव्हा ऊन असूनही सगळी छपरं थंड. बॅटरीचा हायब्रिड इन्व्हर्टर घेतला तरच घरातले दिवे आणि मोबाइल चालतील, पण खर्च बराच वाढतो. प्रत्येक घराला ते परवडणार नाही. निवारा केंद्र होणाऱ्या शाळांना मात्र महापालिकेने हायब्रिडच बसवावं.

गावभाग, शामरावनगर, कोल्हापूर रोड, दत्तनगर इथल्या संचांसाठी निविदेत एक ओळ वाढवा: इन्व्हर्टर, एसीडीबी आणि डीसीडीबी तळमजल्यावर लावायचे नाहीत, २०१९ च्या पूररेषेच्या किमान ३ फूट वर, शक्यतो जिन्याच्या टोपीखाली सावलीत. नेट मीटर (येणारी-जाणारी वीज मोजणारा) मात्र महावितरण सांगेल तिथेच, बहुधा खालीच बसतो. म्हणून पाणी ४० फुटांच्या इशारा पातळीवर गेलं की घरमालकाने आधी एसी आयसोलेटर (वीज तोडायचा स्विच), मग डीसी आयसोलेटर बंद करायचा. हा क्रम मराठीत छापून इन्व्हर्टरशेजारी चिकटवणं ठेकेदाराच्या कामात धरा. पाणी ओसरल्यावर अर्थिंगचे खड्डे तपासून, इन्सुलेशन मेगरने (तारांचं आवरण तपासायच्या उपकरणाने) मोजून, मगच पुन्हा चालू करायचं.

आणि पॅनल धुणं. नोव्हेंबर ते मार्च उसाचा पाला जळतो, त्याची काजळी तेलकट असते, नुसतं पाणी मारून निघत नाही. त्या महिन्यांत दर १०-१२ दिवसांनी मऊ वायपर आणि साधं पाणी, सकाळी लवकर, काच तापायच्या आत. बोअरचं क्षारयुक्त पाणी वापरलं तर पांढरे डाग कायमचे बसतात.

---

पंपहाऊस_जॅकवेल :

ताई, निवेदनासोबत जोडायला तीन कागद आधी मिळवा: महापालिकेच्या सर्व वीज कनेक्शनांची यादी (ग्राहक क्रमांक, मंजूर भार, विभाग), उच्चदाब कनेक्शनांची मागच्या १२ महिन्यांची बिलं, आणि प्रत्येक पंपिंग केंद्राचं लॉगबुक. बिलात "बिल्ड डिमांड" करार मागणीच्या (महावितरणशी ठरलेल्या कमाल भाराच्या) वर गेलेली दिसली तर त्या महिन्यांवर खूण करा, तिथे दंड भरलेला असतो. करार मागणी वाढवून किंवा दोन मोठे पंप एकाच वेळी चालू करणं थांबवून तो लगेच टळतो.

---

गावभाग_०२३३ :

तिन्ही कागदांसाठी माहिती अधिकाराचा अर्ज विद्युत आणि पाणीपुरवठा अशा दोन्ही विभागांकडे वेगवेगळा टाकते आहे. बिलं हाती आली की ग्राहक क्रमांक झाकून इथेच टाकते, पॉवर फॅक्टरच्या रकान्यापासून सुरुवात करू.